वालाची रात्र

बोगद्यात रात्र व्हायची ती सकाळी. बाहेर ऊन डोंगराच्या खांद्यावर आलं की आत तन्वी शेटे खटका ओढायची आणि मांडण्यांवरचे दिवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विझत जायचे. शेवटचा दिवा गेला की ती कमरेचा छोटा हिरवा कंदील लावायची. त्या उजेडात तिला पायापुरतं दिसायचं आणि रोपांना जवळजवळ काहीच कळायचं नाही. मग दारावरचे दोन्ही काळे पडदे नीट ओढून ती झोपायला जायची, तेव्हा बाहेरच्या वस्तीत चुली पेटत असायच्या.

ह्या उलट्या घड्याळाला कारण होतं. दिवसा तालुक्याची सगळी वीज दवाखाने आणि गारवाघरं ओढून घेत, आणि बोगद्याला मिळायची ती रात्री उरलेली. म्हणून बाहेरची रात्र हा वालाचा दिवस आणि बाहेरचा दिवस ही वालाची रात्र. तन्वीला त्याची इतकी सवय झाली होती की गावी गेल्यावर आई दुपारी जेवायला हाक मारायची आणि ही घोरत पडलेली असायची. मुलीनं शिकून घुबड व्हायचं ठरवलंय, असं आई शेजारणींना सांगायची.

तन्वी उजेडकरी होती. रोपाला कुठल्या वयात कुठला उजेड द्यायचा, किती द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे ठरवणारं माणूस म्हणजे उजेडकरी. उन्हाच्या भरवशावर शेती होती तोवर हे काम सूर्यच करत होता आणि त्याला कुणी पगार देत नव्हतं. आता ह्या बोगद्यासारख्या प्रत्येक बीजघराला एक उजेडकरी लागायची. अंकुर फुटले की तन्वी त्यांना निळसर दिव्यांखाली ठेवायची. त्या उजेडात रोपं बुटकी राहतात, पण बुंधा धरतात. तांबूस दिव्याखाली ठेवलं असतं तर तीच रोपं एसटीची वाट बघणाऱ्या माणसांसारखी माना लांब करून उभी राहिली असती आणि आठवड्यात आडवी झाली असती. पुढे पानं भरायच्या वयात पांढरा उजेड, तोही हात न आखडता. आणि फुलोऱ्याचा दिवा कुठला, असं बियाणे मंडळाच्या पाहुण्यांनी विचारलं की ती म्हणायची, विझलेला.

ते ऐकून पाहुणे हसत, पण ती थट्टा करत नसे. फुलोऱ्याच्या वयात वालाच्या दिवसात ती मांडण्यांवर तांबूस दिवे लावायची खरी, पण वालाला फूल येतं ते लांब रात्रीमुळे. त्याच्या पानांत एक रंगद्रव्य असतं आणि ते अंधार मोजत बसतं. रात्र पुरेशी लांब झाली, तीही ओळीनं काही दिवस, की झाड समजतं, थंडी आली, आता फुलायला हवं. मात्र त्या रात्रीत मध्येच कुठून तांबडा उजेड पडला की ती मोजणी पुसली जाते आणि पहिल्यापासून सुरू होते. बोगद्यातली माणसं ह्या रंगद्रव्याला रात्रमाप म्हणायची. पाणी बघणारा प्रथमेश घरत तर म्हणायचा, हा वाल म्हणजे आमची आई, दुसऱ्या खोलीत कुणी कूस बदलली तरी जागा होतो.

प्रथमेशची आई, स्नेहलआजी, हे ऐकून मुलाला शिव्या घालायची. वाल तिचाच होता. समुद्रानं खारबांध फोडून नारंगखार गाव गिळलं, तेव्हा लोकांनी भांडी उचलली, देव उचलले, आणि आजीनं राखेत घोळून ठेवलेल्या कडव्या वालाची बरणी उचलली. सून ओरडली होती, आधी अंथरुणं घ्या म्हणून. पुढे कळलं की दुसऱ्या सगळ्या वालांची फुलं आताच्या तापलेल्या रात्रींत गळून पडतात, ह्या एका वालाची मात्र निम्मीशिम्मी टिकतात. तोवर बरणीतलं बी म्हातारं झालं होतं. मंडळानं ते सगळं पेरलं आणि तिसरा हिस्साही उगवला नाही. जे उगवलं ते ह्या बोगद्यात मांडण्यांवर होतं. ह्याला शेंगा धरल्या, त्यांतलं बी पिकलं, तर दोन-तीन वर्षांत साऱ्या खारेपाटाच्या वरच्या गावांना डाळ मिळणार होती. नाहीतर बरणी रिकामी आणि मांडण्याही रिकाम्या.

बोगदा तसा वालाचा नव्हता, माणसांचा होता. घाटाचा जुना रस्ता दरडीनं बंद झाल्यावर तो पडून राहिला. खाली विस्थापितांची वस्ती झाली आणि उन्हाळा पत्र्याच्या घरात जगू देईना, तेव्हा लोक होळीनंतर दिवसभरासाठी बोगद्यात येऊन राहू लागले. खडकाचा गारवा होता, वर मंडळानं दिलेले, रात्री भारून ठेवायचे बॅटरीवरचे पंखे. पत्र्याखालच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत वस्तीनं जेवढी माणसं जाळली, तेवढी नंतर कधी जाळावी लागली नाहीत. म्हणून वाल आणायचं ठरलं तेव्हा वस्तीशी बोली झाली: दिवाळीपासून होळीपर्यंत बोगदा वालाचा, होळी पेटली की माणसांचा. तन्वीनं सगळा हिशेब त्याच बेतानं बसवला होता. पानं कधी भरायची, रात्र कधी लांब करायची, शेंगा कधी वाळायच्या, सगळं होळीच्या आत.

लांब रात्री सुरू झाल्या त्याच आठवड्यात प्रथमेश गेला. सकाळी दिवे विझल्यावर तो नळ्या तपासायला आत थांबला होता. तन्वी त्याला बोलवायला गेली तर त्याचा हिरवा कंदील जमिनीवर जळत होता आणि तो मांडणीला टेकून बसलेला होता. ती त्याला दादा म्हणायची. तिनं दोनदा हाक मारली, मग खाली बसून त्याच्या मनगटाला हात लावला, आणि नंतर बराच वेळ ते मनगट सोडलं नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. उन्हाळ्यांनी ते आधीच झिजवलं होतं.

अग्नी देऊन लोक परतले तशी स्नेहलआजी वाटीत तांदळाचं पीठ आणि पणती घेऊन बोगद्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. माणूस जिथं शेवटचा श्वास सोडतो तिथं पीठ पसरायचं, त्यावर दिवा ठेवायचा, आणि दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही, ही नारंगखारची रीत. गेलेल्याला वाट दिसावी म्हणून. तन्वीनं हात जोडले. दिवा दारात ठेवा, म्हणाली, पडद्याच्या बाहेर, मी स्वतः तेल घालीन. तिनं रात्रमापाचं सगळं पुन्हा समजावून सांगितलं. आजीला ते ठाऊक होतंच, मुलाच्या तोंडून हजारदा ऐकलेलं.

"जीव जिथं गेला तिथं दिवा," आजी म्हणाली. "दारान ठेवला तर माझा पोऱ्या काय अंधारान चाचपत येल?"

अंकिता, प्रथमेशची बायको, सासूच्या मागं उभी होती. ती तन्वीकडं बघत राहिली. तन्वीला तिथं नाही म्हणवेना. तिनं पणती आत नेली, पिठावर ठेवली, तिच्याभोवती काळ्या ताडपत्रीचा आडोसा उभा केला आणि उजेडमापक घेऊन ओळीओळीतून फिरली. मापक शून्य दाखवत होता. एवढ्याशा वातीनं काय होणार आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिलाही तो दिवा तिथं हवा होता. तिलाही रडू येत होतं आणि रडायला बोगद्याखेरीज जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती आत गेली तर ताडपत्री वर गुंडाळलेली होती आणि आजी दिव्याशेजारी गुडघे पोटाशी धरून बसली होती. झाकल्यावर ज्योत गुदमरते गो, असं म्हणाली. तन्वीनं पुन्हा मापक काढला. जवळच्या ओळीतही काटा हलला नाही. तिनं ताडपत्री तशीच राहू दिली, आजीच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून आली. दहा दिवस दिवा तेवला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला आणि वस्तीला बरं वाटलं.

पुढे कळ्या यायला हव्या होत्या, त्या आल्या नाहीत. वेल हिरवेगार होते, रोज हातभर वाढत होते, बघणाऱ्याला वाटावं काय सुरेख चाललंय. तन्वीनं दिवे बदलले, खत बदललं, पाणी तोडून बघितलं. मंडळाला ती रोज काहीतरी कळवत होती आणि खरं काय ते तिला स्वतःलाच कळत नव्हतं. मग एका संध्याकाळी दिवे लावताना पलीकडच्या अगदी टोकाच्या मांडणीवर तिला कळ्यांचा तुरा दिसला. त्याच्या अलीकडच्या ओळीत थोड्या कळ्या होत्या, त्याच्या अलीकडे एखाददुसरी, आणि जसजशी ती प्रथमेशच्या जागेकडं येत गेली तसतशी नुसती पानं. पिठाचा पांढुरका डाग अजून जमिनीवर होता. त्याच्याभोवती एकाही वेलाला कळी नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो साऱ्या जन्माला पुरेल इतका तिच्या वाट्याला आला. मापकाला जे दिसलं नव्हतं ते पानांनी पाहिलं होतं. दहा दिवस त्यांनी रात्र मोजायला घेतली होती आणि दहा दिवस ती तांबूस वात त्यांचा आकडा पुसत राहिली होती.

ही गोष्ट ती वस्तीत कुणाला सांगणार नव्हती. पण अंकितानं विचारलंच. नवऱ्याच्या जागी आता तीच पाणी बघत होती, आणि कुठं कळी आहे नि कुठं नाही हे तिला काय दिसत नव्हतं? तन्वीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्नेहलआजी काठी टेकत चढण चढून आली.

"माझ्या दिव्यानं झाला ना?" तिनं विचारलं.

"माझ्या मापकानं झालं, आजी. परवानगी मी दिली होती."

आजीनं ते कानावर घेतलं नाही. ती एका वेलापाशी गेली, पान उलटंपालटं करून बघितलं आणि घरी निघून गेली. त्या दिवसापासून ती कमी बोलायला लागली.

कळ्या शेवटी आल्या. साऱ्या मांडण्यांवर आल्या, पांढरी फुलं फुलली, बोगद्याला वालाचा तो उग्र हिरवा वास सुटला. पण गेलेले दिवस काही परत आले नाहीत. त्यात ह्या वर्षी होळीच्या आधीच ऊन असं चढलं की वस्तीतल्या कोंबड्या मरायला लागल्या. होळी पेटली तेव्हा शेंगा धरल्या होत्या, पण चपट्या होत्या. आतलं बी नखाएवढंही नव्हतं. ह्या वयात वालाला गारवा लागतो आणि रात्र लागते. वस्ती दिवे-पंखे घेऊन आत आली असती तर वेलांनी आठवड्यात शेंगा टाकून दिल्या असत्या.

मंडळाच्या साहेबांनी फोनवर सांगितलं की दार उघडू नका, वस्तीची दुसरीकडं सोय बघतो. कुठं, असं तन्वीनं विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. दोन दिवसांत वस्तीत एक म्हातारा गेला आणि एका बाईचं तान्हं गेलं. तन्वी त्या तान्ह्याला बघून आली. परत येऊन ती दाराच्या कुलपापाशी बसली. हातात किल्ली होती, आणि तिला आयुष्यात प्रथमच आपल्या शिक्षणाचा मनापासून राग आला. दार बंद ठेवलं तर किती माणसं मरतील हे तिला सांगता येत नव्हतं. उघडलं तर किती शेंगा गळतील हे मात्र नेमकं सांगता येत होतं.

मार्ग अंकितानं सुचवला. आत दिवसा रात्रच असते ना, मग आम्ही रात्रीत बसू, ती म्हणाली. दिवा नको, पंखा नको, फोन नको. संध्याकाळी तुझे दिवे लागायच्या आधी आम्ही बाहेर. तन्वीनं हिशेब केला. माणसाचं अंगही शेगडीच असतं. सगळी वस्ती आत बसली तर हवा शेंगांना सोसणार नाही एवढी तापणार होती, निम्मी बसली तर कशीबशी निभावणार होती. निम्मी म्हणजे कोण, हे तिला ठरवावं लागलं नाही. वस्तीनंच ठरवलं: म्हातारी माणसं, पोरं, पोटुशा बाया आणि आजारी. बाकीच्यांनी ओढ्याच्या कपारीत ओलं गोणपाट पांघरून बसायचं आणि नशिबावर हवाला ठेवायचा.

सकाळी खटका ओढायच्या वेळेला लोक दाराशी रांगेनं उभे राहू लागले. फोन बादलीत टाकायचे, काडेपेट्या काढून ठेवायच्या. आत गेल्यावर तन्वी एकेकाला हाताला धरून मांडण्यांमधल्या वाटेत बसवायची आणि दिवे विझवायची. पहिल्या दिवशी पोरं रडली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आवाजावरून माणूस ओळखायचा खेळ काढला. बायका अंधारातच एकमेकींचे केस विंचरत. कुणाला काही दिसत नव्हतं, पण डोक्यावर शेंगा होत्या, त्या हळूहळू भरत होत्या, आणि प्रत्येकजण उठता-बसता डोकं लागू नये म्हणून वाकून चालत होता. तन्वीला त्या दिवसांत झोप कमी मिळाली. तरी तिला ती माणसं फार आवडली, हे सांगायला हवं.

स्नेहलआजी मात्र आत आली नाही. यादीत तिचं नाव पहिलं धरलेलं असताना तिनं आपली जागा म्हात्र्यांच्या पोटुशा सुनेला दिली. अंकिता पाया पडली, भांडली, एकदा तिला उचलून आणायलाही गेली. आजी पत्र्याखाली ओलं धुडकं डोक्यावर घेऊन बसून राहिली. दहा दिवस मी खाल्ले, ते मीच भरीन, एवढंच म्हणायची. दिवस काही उसनी साखर नव्हे की वाटी भरून परत द्यावी. पण तिला हे कोण समजावणार?

एका दुपारी दारावर धक्के बसले. दोघं जण आजीला फळीवर घालून आणत होते. पहिला पडदा पडल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, हे त्या घाईतही ते विसरले नाहीत. तन्वीनं हिरवा कंदील खाली धरून वाट दाखवली. मोकळी जागा उरली होती ती एकच, प्रथमेश बसला होता ती. कुणी तिथं बसत नसे. आजीला तिथं निजवलं, अंगावर पाणी शिंपडलं. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घाम आटला होता. अंकितानं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

बऱ्याच वेळानं आजीचा हात वर उचलला गेला. ती काहीतरी शोधत होती. अंकितानं तो हात धरून खालच्या मांडणीवरच्या वेलाला लावला. आजीनं एक शेंग चाचपली, अंगठ्यानं हळूच दाबून बघितली, जशी ती आयुष्यभर बघत आली होती.

"नाय भरली अजून," ती म्हणाली. "आठवडा लागल. तोडू नका गो."

त्यानंतर ती बोलली नाही. थोड्या वेळानं अंकितानं तिचे डोळे मिटले. कुणी ओरडलं नाही, पण बातमी अंधारात माणसामाणसातून पलीकडच्या टोकापर्यंत गेली, आणि जिथं जिथं ती पोचली तिथलं कुजबुजणं थांबलं.

मग कुणीतरी, आवाजावरून म्हात्रेकाका, म्हणाले, दिवा लावायला पाहिजे. सगळे वाट बघत होते. तन्वीला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, तरी ते सगळे आपल्याकडं वळलेत हे कळत होतं. शेंगा अर्ध्या भरल्या होत्या. आता दहा दिवस पणती तेवली तर काय होईल हे ह्या वेळी ठाऊक होतं, तिलाही आणि त्यांनाही. मापक लागणार नव्हता.

अंकितानं कमरेची पिशवी सोडली. त्यात तांदळाचं मूठभर पीठ होतं. सासू बाहेर पत्र्याखाली बसायला लागली तेव्हापासून ती ते जवळ बाळगत असली पाहिजे. तिनं अंधारातच जमीन हातानं पुसली आणि पीठ पसरलं. पणती काढली नाही.

"तन्वीताई, तुझा तो कंदील दे," ती म्हणाली.

तन्वीनं कमरेचा हिरवा कंदील सोडवला, उजेड होता होईल तेवढा कमी केला आणि दक्षिणेकडं तोंड करून पिठावर ठेवला. पिठाचा लहानसा हिरवट गोल उमटला. त्यात आजीची बोटं दिसत होती, अर्धवट मिटलेली, शेंग धरल्यासारखी. तन्वीला खोटं बोलवेना. तिनं सांगितलं की हा उजेड वालाला चालतो तो एखाद्या फेरीपुरता, असा दिवसचे दिवस कुणी लावून बघितलेला नाही, कदाचित रात्रमापाला हाही कळेल आणि कदाचित ह्या ओळी जातील.

अंकितानं मान हलवली. अंकुराला निळा, पानांना पांढरा, फुलाला अंधार, हे तिलाही आता पाठ होतं. ती कंदिलाकडं बघत होती.

"वालाचं तू बघशील गो," ती म्हणाली. "तू उजेडाची मानूस हायस, म्हनून विचारते. मना एवढंच सांग. ह्या उजेडान आईला वाट दिसल ना?"